मेल ‘सेंट’मध्ये दिसतोय, मग पोचला का नाही?

(या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर लोकलमध्ये उभ्या-उभ्या वाचता येईल.)

आजचा विषय जरा टेक्निकल आहे, पण इअरफोन काढू नका. तुमच्यापैकी जे कुणी छोटा धंदा चालवताय, घरच्या दुकानाचं किंवा वर्कशॉपचं ऑनलाइन काम बघताय, किंवा ऑफिसात “तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना, बघ जरा” असं ज्यांना ऐकावं लागतं, त्यांच्यासाठी हा भाग आहे.

“सर, मेल टाकलाय परवाच.” “नाही हो, आला नाही.” हा संवाद तुम्ही ऐकलाच असेल. पाठवणाऱ्याला वाटतं समोरचा टाळतोय. समोरच्याला वाटतं हा थापा मारतोय. खरं तर दोघंही खरं बोलत असतात. मेल मध्येच कुठेतरी अडकलेला असतो. आणि तो मेल म्हणजे कोटेशन असेल, बिल असेल, नाहीतर नोकरीचा अर्ज असेल, तर अडकतो तो पैसा आणि आपला शब्द.

आज आपण बघू की हरवलेला मेल शोधायचा कसा. त्यातही कोणत्या क्रमाने शोधायचा, हे महत्त्वाचं. कारण बहुतेक जण पहिल्या फटक्यात पासवर्ड बदलतात, ॲप काढून परत टाकतात, आणि तोच मेल दहा वेळा पाठवतात. त्याने काहीच होत नाही. उलट बिघडू शकतं.

‘सेंट’चा खरा अर्थ

तुम्ही पाठवायचं बटण दाबलंत की मेल तुमच्या मोबाइलमधून थेट समोरच्याकडे जात नाही. तो आधी तुमच्या मेल सर्व्हरकडे जातो. तो सर्व्हर डीएनएसला विचारतो, “या डोमेनचा मेल कुठे द्यायचा?” डीएनएस म्हणजे इंटरनेटची पत्त्यांची वही. तिथे त्या डोमेनचं एमएक्स रेकॉर्ड असतं, त्यावरून समोरचा सर्व्हर कोणता ते कळतं. मग तुमचा सर्व्हर त्या सर्व्हरचं दार वाजवतो, मेल पुढे करतो. तो आत घ्यायचा की नाही, आणि घेतला तर इनबॉक्समध्ये ठेवायचा की स्पॅममध्ये, हे समोरचा ठरवतो.

म्हणजे ‘सेंट’ फोल्डरमध्ये मेल दिसतो याचा अर्थ एवढाच, की तो तुमच्या हातून सुटला. पोचला असा त्याचा अर्थ नाही.

आता यात एक जुनी गोम आहे. मेल ज्या नियमांनी फिरतो, त्या एसएमटीपीचा मसुदा जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिला. तेव्हा नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या. पाठवणारा खरंच तोच आहे का, हे तपासायची सोय त्यात नव्हती. पाकिटाच्या मागे कुणीही कुणाचंही नाव लिहावं, तसं. आज मेल अडकण्याची जी बरीचशी कारणं आहेत, ती ही भोकं नंतर बुजवताना लावलेल्या कुलपांमुळे आहेत. कुलपं चांगलीच आहेत हो, पण किल्ली आपल्याकडे नसेल तर आपणच बाहेर राहतो.

पहिलं काम: परत आलेला मेल वाचा

मेल पोचला नाही तर पुष्कळदा ‘मेलर डेमन’ नावाने एक उत्तर येतं. त्याला बाउन्स म्हणतात. इंग्रजीत लांबलचक काहीतरी असतं म्हणून आपण ते डिलीट करून टाकतो. तसं करू नका. दुखणं काय आहे ते त्याच कागदावर लिहिलेलं असतं.

त्यात तीन आकडी कोड शोधा. ४ने सुरू होत असेल, म्हणजे ४२१, ४५१ वगैरे, तर अडचण तात्पुरती आहे. समोरचा म्हणतोय, “आत्ता नको, थोड्या वेळाने ये.” काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा मुद्दाम परत पाठवतात. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. खरा मेल सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा येतो, स्पॅम पाठवणारे पुष्कळदा येत नाहीत, असा त्यामागचा हिशेब. तुमचा सर्व्हर आपोआप पुन्हा प्रयत्न करत राहतो, साधारण चार-पाच दिवस. तुम्ही काही करायचं नसतं.

कोड ५ने सुरू होत असेल, म्हणजे ५५० वगैरे, तर तो ठाम नकार आहे. पुन्हा पाठवून उपयोग नाही. त्याच्या पुढे टिंब देऊन आणखी तीन आकडे असतात, ते बघा:

५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही. स्पेलिंग तपासा, किंवा तो माणूस कंपनी सोडून गेला असेल.

५.२.२ म्हणजे समोरच्याचा मेलबॉक्स भरलाय. फोन करून सांगा.

५.३.४ किंवा ५.२.३ म्हणजे मेल फार जड आहे. जीमेलवरून २५ एमबीपर्यंतची अटॅचमेंट जाते. पण मेलमध्ये फाइल अक्षरांच्या रूपात बदलून जाते, त्यामुळे तिचं वजन साधारण एक तृतीयांशाने वाढतं. म्हणून समोरच्याची मर्यादा १० एमबी असेल तर तुमची ८ एमबीची पीडीएफसुद्धा अडकते. ड्रॉइंग, कॅटलॉग असं काही असेल तर ड्राइव्हवर ठेवा आणि लिंक पाठवा.

५.७ने सुरू होणारं काहीही म्हणजे ओळख किंवा विश्वासाचा प्रश्न. जीमेलचा ५.७.२६ हा त्यातला नेहमी भेटणारा कोड. त्याचा अर्थ, “तू जो म्हणतोस तोच आहेस हे सिद्ध झालं नाही.” यावर आपण आता येणारच आहोत.

दुसरं काम: कुणाला पोचत नाही?

बाउन्स आलाच नाही, तर वहीत दोन रकाने पाडा. कुणाला पोचतो, कुणाला नाही. अगदी शाळेतल्यासारखं.

कुणालाच पोचत नसेल, तर बिघाड तुमच्या घरात आहे. डोमेनची मुदत संपली का, मेलच्या प्लॅनचे पैसे भरले का, आउटबॉक्समध्येच मेल पडून आहेत का, ते बघा. डोमेन संपलं की वेबसाइटबरोबर मेलही बंद पडतो.

एकाच कंपनीला पोचत नसेल, तर त्यांच्या दारात अडतोय. सगळ्या जीमेलवाल्यांना पोचत नसेल, तर तुमच्या डोमेनची ओळख किंवा पत कच्ची आहे. हाताने लिहिलेला मेल पोचतो पण बिलिंग सॉफ्टवेअरमधून गेलेला नाही, तर घोळ त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आहे. आणि बाहेर सगळीकडे पोचतो पण वेबसाइटच्या फॉर्मचा मेल आपल्याच ऑफिसला येत नाही, तर तो एक वेगळाच किस्सा आहे. सांगतो पुढे.

हा तक्ता करायला दहा मिनिटं लागतात, पण निम्मं काम इथेच होतं.

तीन कुलपं: एसपीएफ, डीकिम, डीमार्क

नावं जड आहेत, काम सोपं आहे.

एसपीएफ म्हणजे यादी. तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये तुम्ही लिहून ठेवता की माझ्या नावाने मेल पाठवायची परवानगी अमुक-अमुक सर्व्हरना आहे. समोरचा ती यादी बघतो.

डीकिम म्हणजे सही. मेल निघताना सर्व्हर त्यावर एक गुप्त किल्ली वापरून डिजिटल सही करतो. ती तपासायची दुसरी, उघड किल्ली डीएनएसमध्ये असते. वाटेत कुणी मजकूर बदलला तर सही जुळत नाही.

डीमार्क म्हणजे मालकाची सूचना. “यादी आणि सही, दोन्हीतलं एकही माझ्या नावाशी जुळलं नाही तर त्या मेलचं काय करायचं?” याला तीन उत्तरं देता येतात: काही करू नका, फक्त मला कळवा, स्पॅममध्ये टाका, किंवा दारातूनच परत पाठवा.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुष्कळ जण इथेच फसतात. मेलवर पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात. एक आपल्याला दिसतो तो, ‘फ्रॉम’. दुसरा आतला, पाकिटावरचा, जिथे बाउन्स परत जातो. एसपीएफ तपासतं तो पाकिटावरचा पत्ता. त्यामुळे एसपीएफ ‘पास’ दिसतं, पण ते दुसऱ्याच कुणाच्या नावाने पास झालेलं असतं. डीमार्क विचारतं, “पास झालास ते ठीक, पण ‘फ्रॉम’मधल्या डोमेनच्या नावाने झालास का?”

याचं उदाहरण आपल्याच एका श्रोत्याचं आहे. त्यांना विचारून सांगतोय, नाव-गाव मात्र नाही. भोसरीच्या एमआयडीसीत घरचं छोटं मशिनिंगचं वर्कशॉप. रोजचे मेल व्यवस्थित जायचे. कोटेशन मात्र बिलिंग सॉफ्टवेअरमधून एका बटणावर निघायचं, आणि एका मोठ्या गिऱ्हाइकाला ते मिळायचं नाही. बाउन्स नाही, काही नाही. तीन कोटेशनं गेली, उत्तर नाही. हे म्हणाले, त्यांना रस नसेल. शेवटी वडिलांनी फोन केला तेव्हा परचेसवाले म्हणाले, “तुमचं काही आलंच नाही, आम्ही काम दुसऱ्याला दिलं.” बापलेकांत चार दिवस बोलणं बंद. “तू पाठवलंच नसशील,” हे वडिलांचं म्हणणं.

झालं काय होतं? वेबसाइट बनवणाऱ्याने डोमेनवर डीमार्क लावलं होतं, तेही सगळ्यात कडक, ‘परत पाठवा’वालं. रोजच्या मेलची सही त्याच डोमेनच्या नावाने होत होती, म्हणून ते जायचे. बिलिंग सॉफ्टवेअर मात्र पाकिटावर स्वतःचं डोमेन टाकत होतं आणि सहीही स्वतःच्याच नावाने करत होतं. ‘फ्रॉम’मध्ये तेवढं वर्कशॉपचं नाव. म्हणजे मालकानेच दारावर पाटी लावली होती, माझ्या नावाने कुणी खोटं आलं तर हाकलून द्या. आणि स्वतःचाच माणूस ओळखपत्राशिवाय पाठवत होते.

आणि बाउन्स का आला नाही? कारण बाउन्स जातो पाकिटावरच्या पत्त्यावर. तो सॉफ्टवेअरवाल्यांचा होता. सॉफ्टवेअरच्या डॅशबोर्डमध्ये, कुणी कधी उघडत नाही अशा एका रिपोर्टमध्ये, तिन्ही कोटेशनं ‘बाउन्स्ड’ म्हणून लाल रंगात पडली होती.

उपाय पाऊण तासाचा निघाला. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ‘तुमचं डोमेन व्हेरिफाय करा’ असा पर्याय होता. तिथे मिळालेली रेकॉर्डं डीएनएसमध्ये टाकली की सॉफ्टवेअर वर्कशॉपच्या नावाने सही करायला लागलं. पुढचं कोटेशन पोचलं. हातचं गेलेलं काम काही परत आलं नाही. पण घरातला वाद मिटला, कारण कुणाची चूक नव्हती हे लाल अक्षरात समोर दिसत होतं.

स्वतः कसं तपासाल

ज्या-ज्या ठिकाणाहून तुमच्या नावाने मेल निघतो, तिथून प्रत्येकी एक मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवा. रोजचा मेल, बिलिंग, वेबसाइटचा फॉर्म, न्यूजलेटर, सगळं. लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये जीमेल उघडा, मेलच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर क्लिक करा आणि ‘शो ओरिजिनल’ निवडा. वर एसपीएफ, डीकिम, डीमार्क अशा ओळी दिसतील. तिन्हींपुढे पास हवं, आणि डीकिमपुढे तुमच्याच डोमेनचं नाव हवं.

नापास असेल तर या तीन गोष्टी आधी बघा. एक, एका डोमेनला एसपीएफचं एकच रेकॉर्ड चालतं. नवी सेवा घेतली की लोक दुसरं रेकॉर्ड जोडतात, आणि मग दोन्ही बाद होतात. जुन्याच ओळीत नवं नाव घाला. दोन, ती यादी तपासताना समोरचा डीएनएसला जास्तीत जास्त १० वेळाच विचारतो. बंद केलेल्या सेवांची नावं यादीत तशीच राहिली असतील तर काढून टाका. तीन, कुणी सांगितलं म्हणून यादीच्या शेवटी अधिक चिन्ह लावून ‘ऑल’ लिहू नका. त्याचा अर्थ होतो, जगात कुणीही माझ्या नावाने मेल पाठवावा.

आणि डीएनएसमध्ये हात घालण्याआधी आहे त्या सेटिंगचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. बदल सगळीकडे पोचायला काही तास लागू शकतात, तेव्हा एका वेळी एकच बदल करा.

वेबसाइटच्या फॉर्मचा घोळ

आता तो राहिलेला किस्सा. समजा तुमची वेबसाइट एका होस्टिंगवर आहे. आधी मेलही तिथेच होता, नंतर तो तुम्ही गूगल वर्कस्पेसवर नेला. एमएक्स रेकॉर्डही बदललं. बाहेरचे सगळे मेल येतात. पण वेबसाइटवर कुणी चौकशीचा फॉर्म भरला तर तो मेल येत नाही.

कारण जुन्या होस्टिंगच्या सर्व्हरला अजून वाटतंय की या डोमेनचा मेल माझ्याच घरी आहे. तो डीएनएसला विचारतच नाही. मेल आपल्याच जुन्या पेटीत टाकतो, किंवा पेटी नाही म्हणून फेकून देतो. सीपॅनेल असेल तर ‘ईमेल राउटिंग’मध्ये जा, ‘लोकल मेल एक्स्चेंजर’ असेल तिथे ‘रिमोट मेल एक्स्चेंजर’ करा. जुन्या पेटीतही एकदा डोकावा. कुणास ठाऊक, महिन्यांच्या चौकश्या तिथे वाट बघत असतील.

पत: तुमची आणि शेजाऱ्याची

मे १९७८ मध्ये गॅरी थुर्क नावाच्या गृहस्थांनी आपल्या कंपनीच्या कॉम्प्युटरची जाहिरात अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एका दमात पाठवली. तो पहिला स्पॅम मानतात. आज मेल सर्व्हर येणाऱ्याची पत बघतात.

स्वस्त होस्टिंगवर शेकडो वेबसाइट एकाच आयपी पत्त्यावरून मेल पाठवतात. त्यातल्या एकाने स्पॅम केला की आयपी काळ्या यादीत जातो, आणि सुक्याबरोबर ओलंही जळतं. स्पॅमहॉससारख्या संस्था अशा याद्या ठेवतात. त्यांच्या साइटवर आपला आयपी किंवा डोमेन टाकून बघता येतं. यादीत असाल तर आधी कारण शोधा: कुणाचा पासवर्ड फुटलाय का, वेबसाइट हॅक झालीय का. ते दुरुस्त करून मगच नाव काढायची विनंती करा. “पैसे द्या, आम्ही नाव काढून देतो” म्हणणाऱ्या अनोळखी माणसांच्या नादी लागू नका. स्पॅमहॉस नाव काढायचे पैसे घेत नाही.

गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४पासून नियम कडक केलेत. जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्याला तिन्ही कुलपं लागतात, जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर नाव काढायची सोय लागते, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवाव्या लागतात. म्हणजे १,००० मेलमागे तिघांनी ‘स्पॅम’ दाबलं तरी धोक्याची रेषा आली. तुम्ही ५,००० पाठवत नसाल, तरी एसपीएफ किंवा डीकिम यातलं एक तुम्हालाही लागतंच. तेव्हा दिवाळीच्या शुभेच्छा फोनबुकातल्या सगळ्यांना बीसीसी करण्याआधी थांबा. त्या शुभेच्छांपायी तुमची बिलं अडकू शकतात.

घेतला, पण दिसत नाही

शेवटची शक्यता. समोरच्या सर्व्हरने मेल घेतलाय. तुमच्या ॲडमिनला हे लॉगमध्ये दिसतं. गूगल वर्कस्पेसमध्ये ‘ईमेल लॉग सर्च’, मायक्रोसॉफ्ट ३६५मध्ये ‘मेसेज ट्रेस’. तिथे २५० हा कोड असेल तर मेल त्यांच्या दारातून आत गेला.

मग शोध समोरच्याकडे. स्पॅम, प्रमोशन्स, त्यांनी स्वतः लावलेले फिल्टर. मोठ्या कंपन्यांत ‘क्वारंटाइन’ असतं, तिथला मेल त्यांच्या आयटीवाल्यालाच सोडवता येतो. तेव्हा नुसतं “मेल आला नाही का?” असं विचारू नका. तारीख, वेळ, तुमचा पत्ता आणि विषयाची ओळ पाठवा आणि म्हणा, “तुमच्या सर्व्हरने अमुक वाजता मेल स्वीकारलाय, आयटीला क्वारंटाइन बघायला सांगता का?” या प्रश्नाला उत्तर मिळतं.

एक विनंती डीमार्कबद्दल. ज्यांनी अजून लावलंच नाही, त्यांनी सुरुवात ‘फक्त कळवा’पासून करा. काही आठवडे रिपोर्ट बघा, आपल्या नावाने मेल पाठवणारी सगळी ठिकाणं कळू द्या, मग कडक करा.

तर, क्रम पुन्हा एकदा. बाउन्स वाचा. दोन रकाने पाडा. ‘शो ओरिजिनल’ बघा. काळी यादी तपासा. लॉगमध्ये २५० शोधा. आणि ज्या मेलवर पैसे अडकलेत, त्याच्यामागून एक फोन नक्की करा, “पाठवलंय, दिसतंय का बघा.” त्याला अजून तरी पर्याय नाही.

तुमच्याकडे एखादा बाउन्स पडला असेल आणि कोड कळत नसेल, तर पत्ते झाकून त्याचा फोटो पाठवा. पाच-सहा जमले की पुढच्या एखाद्या भागात एकेक सोडवू. भेटूया, काळजी घ्या!